पोसायडनची सासू

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली, वीतभरही उंची नसलेली, दाढीधारी आणि विवस्त्र अशी ही मूर्ती पाहण्यासाठी परगावचे अभ्यासक मुद्दाम येतात. आपण कोल्हापूरकर मात्र समोरच्या सीपीआर रुग्णालयात कोणाला भेटायला गेलो आणि हाताशी वेळ उरला, तरच आत डोकावतो. १९४५–४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी या टेकडीवर शास्त्रीय उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्तीचे चित्र त्यातून स्पष्ट झाले. रोमन बनावटीचे ब्राँझचे सामान त्या काळी कोकणातल्या बंदरांवर उतरून घाटवाटांनी वर येत असे, आणि त्याच वाटेने हा समुद्राचा देव समुद्र दिसतही नाही अशा गावात येऊन पोहोचला. त्याच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या सासूविषयी.

समुद्र मुळात पोसायडनचा नव्हताच. झ्यूस, हेडीस आणि पोसायडन या तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी केली तेव्हा एकाला आकाश, एकाला पाताळ आणि याला समुद्र मिळाला, असे होमर सांगतो. वाटणीत मिळालेल्या या मुलखात त्याच्याही आधीपासून एक जुने घराणे नांदत होते. पॉन्टस, म्हणजे मूर्तिमंत समुद्र, हा त्या घराण्याचा मूळपुरुष आणि गाया, म्हणजे धरित्री, ही त्याची आई आणि पत्नीही. या दोघांची मुलगी कीटो. हल्ली याच उच्चाराचा एक आहारही लोकप्रिय झालेला आहे. त्याचा आणि या देवीचा काडीचाही संबंध नाही, आणि तिच्या घराण्यात खाण्यापिण्याचे पथ्य कोणी पाळल्याचे ऐकिवात नाही.

ग्रीक पुराणकथा वाचताना मला नायकांच्या पराक्रमापेक्षा वंशावळीत अधिक रस वाटतो. हा बहुधा घरचा संस्कार असावा, कारण आमच्याकडे कोणाचेही नाव निघाले की ‘कुणाची कोण’ हे ठरल्याखेरीज गप्पा पुढे सरकत नाहीत. या दृष्टीने पाहिले तर कीटोइतकी मोठी असामी ग्रीक पुराणांत शोधून सापडणार नाही. तिच्या नावावर स्वतंत्र अशी एकही कथा नाही. ती कोणाशी लढत नाही, कोणाला शाप देत नाही, तिच्या तोंडी कोणी एखादे वाक्यही घातलेले नाही. तरीही मेड्युसा, हायड्रा, सर्बेरस, स्फिंक्स, कायमेरा, इतकेच काय, पंखांचा घोडा पेगॅसस, ही जी नावे ग्रीक पुराणांशी फारशी ओळख नसलेल्यालाही माहीत असतात, ती सगळी या एका बाईच्या पोटची किंवा तिच्या लेकी-नातींच्या पोटची आहेत.

याविषयीचा सर्वांत जुना आधार म्हणजे इसवी सनपूर्व ७०० च्या आसपास होऊन गेलेल्या हेसिअड या कवीने रचलेली देवांची वंशावळ. तिच्यात पॉन्टसची पाच मुले सांगितली आहेत. थोरला नीरिअस, जो कधी खोटे बोलत नाही आणि ज्याला सर्वजण मायेने ‘म्हातारबाबा’ म्हणतात. मग थॉमस, फॉर्किस, कीटो आणि वज्रासारख्या काळजाची युरिबिया. यांपैकी नीरिअसला पन्नास सुंदर जलकन्या झाल्या आणि थॉमसला आयरिस ही इंद्रधनुष्याची देवी व हार्पी नावाच्या वादळी पक्षिणी झाल्या. कीटोने आपला सख्खा भाऊ फॉर्किस याच्याशीच संसार थाटला. आदिदैवतांच्या त्या पिढीत याचे कोणाला वावगे वाटत नसे, आणि हेसिअडही त्यावर टिप्पणी न करता पुढे जातो.

येथे एक तपशील थांबून पाहण्याजोगा आहे. हेसिअड कीटोला कराल, भयंकर किंवा अक्राळविक्राळ म्हणत नाही. तो तिला ‘सुंदर गालांची’ म्हणतो. हे विशेषण ग्रीक काव्यात रूपवती स्त्रियांसाठी वापरले जाते. समुद्रातल्या राक्षसी जीवांची ही स्वामिनी, पुढच्या सगळ्या अक्राळविक्राळ प्रजेची ही आई, आणि तिचे गाल मात्र सुंदर! काहींच्या मते छंदाची जागा भरण्यासाठी कवीने एक तयार विशेषण तेथे बसवले असावे. मला ते पटत नाही, कारण तिच्या थोरल्या मुलींबाबतही तो नेमके तेच करतो. ग्राया या जन्मतःच पांढऱ्या केसांच्या, म्हणजे जन्मजात म्हाताऱ्या बहिणी. तरीही त्यांचे गाल सुंदर, एकीची वस्त्रे सुरेख, दुसरीची केशरी. हेसिअड त्यांपैकी पेम्फ्रेडो आणि एनिओ या दोघींचीच नावे देतो. पुढच्या कवींनी तिसरी बहीण आणली, त्यांना हंसासारखे रूप दिले आणि तिघींत मिळून एक डोळा व एक दात ठेवला. जुन्या कवीच्या लेखी या घरातल्या बाया देवीच होत्या. त्यांचे भुताळी रूप पुढच्यांनी रंगवत नेले, असे मला वाटते.

ग्रायांनंतर गॉर्गन भगिनी: स्थेनो, युरिअली आणि मेड्युसा. त्या महासागराच्या पलीकडे, रात्रीच्या सीमेजवळ राहतात. पहिल्या दोघींना मरण नाही आणि वार्धक्यही नाही; तिसरी मात्र मर्त्य. एकाच आईबापांच्या पोटी दोन अमर आणि एक मर्त्य कशी, याचा खुलासा हेसिअड करत नाही, ‘तिच्या वाट्याला दुःख आले’ एवढेच म्हणतो. त्यापुढच्याच ओळीत वसंतातल्या फुलांनी भरलेल्या मऊ कुरणात पोसायडन मेड्युसापाशी निजल्याचे येते. देवळातला बलात्कार, अथेनाचा शाप आणि केसांचे साप झाल्याची जी गोष्ट आज सर्वत्र सांगितली जाते, ती सात शतकांनंतरच्या रोमन कवीची आहे. मूळ वंशावळीत शाप नाही, कुरण आहे. पुढे पर्सियसने मेड्युसाचे मुंडके उडवले तेव्हा तिच्या धडातून पोसायडनची दोन मुले बाहेर पडली, एक पेगॅसस आणि दुसरा सोन्याच्या तलवारीचा क्रायसेऑर.

म्हणजे टाउन हॉलमधला हा पाहुणा कीटोचा जावई. नाते एवढ्यावरच थांबत नाही. पोसायडनची लग्नाची बायको ॲम्फिट्रायटी ही नीरिअसची मुलगी, म्हणजे कीटोची भाची. तेव्हा रीतसर पाहिले तर तो तिचा भाचेजावईही आहे. त्यात भर म्हणून होमरच्या काव्यातला एकाक्ष राक्षस पॉलिफीमस हा पोसायडन आणि थोओसा यांचा मुलगा, आणि थोओसा ही फॉर्किसची कन्या. तिच्या आईचे नाव होमर देत नाही. समुद्र चिठ्ठीत मिळवलेल्या या देवाने जुन्या वतनदारांच्या घरात अशी चहूबाजूंनी सोयरीक केली होती. आपल्याकडच्या इतिहासातही नवा धनी आला की तो जुन्या देशमुखांची मुलगी करतो, त्यातलाच हा प्रकार.

यापुढे वंशावळ थोडी गुंतागुंतीची होते. हेसिअड ‘तिने’ एका पोकळ गुहेत एकिड्नाला जन्म दिला असे सांगतो, आणि हे ‘तिने’ म्हणजे कोणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेकांच्या मते ती कीटोच. काहींच्या मते क्रायसेऑरची पत्नी कॅलिरोई. मी बहुमताच्या बाजूने आहे, कारण एकिड्नाचे वर्णन या घरालाच शोभणारे आहे: अर्धे अंग टपोऱ्या डोळ्यांच्या, सुंदर गालांच्या युवतीचे आणि अर्धे कच्चे मांस खाणाऱ्या ठिपकेदार प्रचंड नागाचे. पुन्हा तेच सुंदर गाल! आईची ओळख मुलीच्या चेहऱ्यावर पटावी, तशी ती येथे पटते. या एकिड्नाला टायफॉन या राक्षसापासून ऑर्थस हा कुत्रा, पाताळाच्या दारावरचा सर्बेरस आणि लर्नाच्या दलदलीतली हायड्रा झाली. सिंह, बकरी आणि साप अशी तीन मुंडकी असलेली कायमेराही बहुतेक तिचीच. स्फिंक्स आणि नेमियाचा सिंह ही त्याच्या पुढची पिढी. कीटोचे शेंडेफळ म्हणजे पृथ्वीच्या टोकाशी सोन्याची सफरचंदे राखत बसलेला महानाग, ज्याला पुढे लाडॉन हे नाव मिळाले.

आता ही यादी बाजूला ठेवून ग्रीक वीरांच्या पराक्रमांकडे पाहावे. पर्सियसने ग्रायांचा तो एकुलता एक डोळा एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाताना हिसकावला आणि त्याच्या बदल्यात वाट विचारून घेतली, मग मेड्युसाला ती झोपेत असताना मारले. हेराक्लिसने नेमियाचा सिंह, हायड्रा, ऑर्थस आणि क्रायसेऑरचा मुलगा गेरिऑन यांना मारले, सर्बेरसला फरफटत वर आणले आणि लाडॉनला बाणाने वेधले. इडिपसने कोडे सोडवल्यावर स्फिंक्सने स्वतःला कड्यावरून झोकून दिले. बेलेरोफॉनने कायमेराला मारले ते पेगॅससवर बसून, म्हणजे कीटोच्या एका नातवाच्या पाठीवर बसून दुसऱ्या नातवंडाला. कारण मेड्युसा आणि एकिड्ना बहिणी धरल्या तर पेगॅसस आणि कायमेरा ही सख्खी मावसभावंडे ठरतात. हेराक्लिसच्या प्रसिद्ध बारा कामगिऱ्यांपैकी पाच कामगिऱ्या या एकाच घराण्याच्या अंगणात घडतात. ग्रीक वीरगाथेचा निम्मा डोलारा कीटोच्या घरातल्या प्रेतांवर उभा आहे, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या मरणांपैकी एकच मरण मला जवळून दिसल्यासारखे वाटते, ते लाडॉनचे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला कवी ॲपोलोनियस सांगतो, की सोनेरी मेंढ्याचे कातडे घेऊन परतणारे दर्यावर्दी तहानेने व्याकूळ होऊन त्या बागेत पोहोचले, तेव्हा हेराक्लिस आदल्याच दिवशी तेथून गेलेला होता. सफरचंदाच्या खोडाशी नाग पडला होता, डोक्यापासून काळ्या कण्यापर्यंत निश्चेष्ट, आणि शेपटीचे टोक तेवढे अजून वळवळत होते. बाणांना हायड्राचे विष लावलेले असल्यामुळे जखमांवर बसणाऱ्या माश्याही मरत होत्या. बागेच्या राखणदारणी डोक्याला हात लावून रडत होत्या. विष हायड्राचे, म्हणजे मरणाऱ्याच्या भाचीचे, हे कवी वेगळे सांगत बसत नाही. त्याच्या श्रोत्यांना नाती पाठ होती.

आपल्याकडे कश्यपाच्या बायकांची व्यवस्था याच धर्तीची आहे. अदितीपासून देव, दितीपासून दैत्य, दनूपासून दानव, कद्रूपासून नाग, विनतेपासून गरुड. पुढे यांच्यात युगानुयुगे युद्धे होतात आणि ती सगळी एका परीने सावत्र भावंडांचीच भांडणे असतात. फरक असा, की आपल्या पुराणांत या आया गप्प बसत नाहीत. दिती इंद्राला मारील असा पुत्र मागते, कद्रू आणि विनता घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून पैज लावतात, मुलांसाठी एकमेकींशी दावा मांडतात. कीटोची लेकरे एकामागून एक जातात आणि ती कोठेही शोक करताना दिसत नाही. ग्रीकांना आईचा शोक रंगवता येत नव्हता असे मुळीच नाही. मुलगी हरवलेल्या डिमीटरने पृथ्वीवर दुष्काळ पाडला, मुलाच्या मरणाच्या चाहुलीने थेटिस समुद्रातून रडत वर आली. थेटिस तर कीटोची सख्खी भाची. भाचीच्या अश्रूंना महाकाव्यात जागा मिळते आणि आत्याच्या मिळत नाही, याचे कारण एवढेच, की भाचीचा मुलगा वीर होता.

आत्या आणि भाच्यांचा हा संबंध ॲन्ड्रोमेडाच्या कथेत अधिकच ठळक होतो. इथिओपियाच्या सिफियस राजाची राणी कॅसिओपिया हिने आपण नीरिअसच्या मुलींहून सुंदर असल्याची फुशारकी मारली. जलकन्या रागावल्या, त्यांच्या बाजूने पोसायडनही रागावला आणि त्याने देशावर पूर व एक समुद्रराक्षस धाडला. राजकन्या ॲन्ड्रोमेडा त्याला अर्पण केल्याखेरीज संकट टळणार नाही, असा कौल आमोनच्या देवस्थानाने दिल्यामुळे तिला खडकाला साखळदंडांनी बांधण्यात आले, आणि मेड्युसाचे मुंडके घेऊन परतणाऱ्या पर्सियसने त्या राक्षसाला मारून तिच्याशी लग्न केले. हा राक्षस म्हणजे स्वतः कीटो, की तिच्या अमलाखालचा एखादा जलचर? जुन्या ग्रीक कथा त्याला नाव देत नाहीत, समुद्रातल्या कोणत्याही अजस्र प्राण्यासाठी असलेला सामान्य शब्दच वापरतात. त्यामुळे ‘पर्सियसने कीटोला मारले’ असे ठोकून देणाऱ्या लेखनावर मी विश्वास ठेवत नाही. देवी अमर असते, आणि तिची मेड्युसासारखी अपवाद म्हणून नोंदही कोणी केलेली नाही. मात्र सौंदर्याचा अपमान झाला भाच्यांचा, आणि त्या अपमानासाठी मरायला पाठवला गेला आत्याच्या प्रजेतला जीव, ही वाटणी डोळ्यांत भरते.

ट्रॉयच्या किनाऱ्यावरही असाच एक राक्षस आला होता. लाओमेडॉन राजाने तटबंदी बांधून घेतली आणि मजुरी बुडवली. ती बांधणारा मजूर पोसायडन असल्यामुळे प्रकरण राजकन्या हेसिओनीच्या बळीपर्यंत गेले. येथे सोडवणूक करणारा हेराक्लिस. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातील, इसवी सनपूर्व ५५० च्या सुमाराच्या कोरिंथी मातीच्या भांड्यावर हा प्रसंग चितारलेला आहे: हेराक्लिस बाण सोडतो आहे, हेसिओनी राक्षसावर दगड फेकते आहे, आणि राक्षसाचे मात्र काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे, कवटीसारखे डोकेच दिसते. चित्रकाराने एखाद्या कड्यातून बाहेर डोकावणारे प्राचीन प्राण्याचे जीवाश्म पाहिले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. मला या चित्रात बांधून न घातलेली, निमूट न बसलेली, हातात दगड घेतलेली राजकन्या अधिक मोलाची वाटते.

या लढाईचा एक पाठभेद असा, की हेराक्लिस राक्षसाच्या तोंडातून पोटात शिरला, तीन दिवस आतून कापाकापी करत राहिला आणि बाहेर आला तेव्हा आतल्या उष्णतेने त्याच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता. हे वाचताना सुंदरकांडातली सुरसा आठवल्यावाचून राहत नाही. तीही समुद्रात उभी आहे, तीही नागांची माता आहे, तीही आ वासून वाटेत येते. हनुमान मात्र आपला देह अंगठ्याएवढा करून तिच्या तोंडात शिरतो, लगेच बाहेर येतो, ‘दाक्षायणी, तुला नमस्कार असो’ म्हणतो आणि तिचा आशीर्वाद घेऊन निघतो. त्यानंतर भेटणाऱ्या सिंहिकेला तो मारतो, हेही खरे. पण नागमातेपुढे तो हात जोडतो. दोन समुद्रकथांपैकी मला कोणती अधिक आवडते, हे मी कोल्हापुरात बसून सांगण्याची गरज नाही.

या राक्षसाचे चित्ररूप फार दूरवर फिरले. लांबट मुस्कट, उभे कान, मानेवर पाते, पुढे दोन पाय किंवा कल्ले आणि मागे वेटोळे घातलेली माशाची शेपटी, असा त्याचा साचा ग्रीक कलाकारांनी घडवला. गांधारातल्या दगडी तबकड्यांवर अशाच प्राण्याच्या पाठीवर आरामात बसलेल्या जलकन्या कोरलेल्या आढळतात. आपल्याकडे असाच मकर आहे. गंगेचे आणि वरुणाचे वाहन असलेल्या या प्राण्याचे मुख आपण देवळाच्या प्रणालावर बसवतो आणि देवाच्या अभिषेकाचे तीर्थ त्याच्या जबड्यातून बाहेर काढतो. कालिदासाने रघुवंशाच्या तेराव्या सर्गात तिमी नावाचे महामत्स्य नदीच्या मुखाशी जबडे उघडून जीवांसह पाणी आत घेतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून फवारे वर उडवतात, असे वर्णन केले आहे. ते इतके नेमके आहे, की कोणीतरी देवमासा प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज ते शक्य वाटत नाही.

ही सगळी वंशावळ मी एकदा ललितापंचमीला माझ्या मावशीला सांगत होतो. त्या दिवशी अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको; परगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कोल्हासुराच्या वधानंतरच्या विजयोत्सवात त्र्यंबोलीला बोलावणे राहून गेले, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, तेव्हा अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली आणि वधाचा प्रसंग तिच्यापुढे पुन्हा करून दाखवला. त्याची खूण म्हणून कुमारिकेच्या हस्ते कोहळा कापला जातो. कोहळा कापला रे कापला, की त्याची फोड मिळवण्यासाठी अशी झुंबड उडते की पोलिसांची तारांबळ होते. हाती आलेला ओलसर, बियांना चिकटलेला तुकडा लोक रुमालात गुंडाळून घरी नेतात. त्या गर्दीतून बाहेर पडल्यावर मावशीने सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “एवढी लेकरं मारली व्हय तिची? मग तिला देऊळ कुठाय म्हणायचं?”

प्रश्न कोल्हापूरच्या रीतीला धरूनच होता. करवीरमाहात्म्यात मरताना कोल्हासुराने या क्षेत्राला आपले नाव राहावे एवढाच वर मागितला आणि देवीने तो दिला. वध झाला, पण पाटी त्याचीच लागली. दरवर्षी त्याचा वध साजरा करण्यासाठी जमणारा हजारोंचा समुदाय स्वतःला त्याच्याच गावाचा म्हणवतो. दैत्याचे डोके उंबऱ्यावर कीर्तिमुख म्हणून कोरायचे आणि त्याला पाय न लावता ओलांडून आत जायचे, हीही त्यातलीच पद्धत. ग्रीकांनीही मेड्युसाच्या बाबतीत असे काही केले. कॉर्फू बेटावरील आर्टेमिसच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणात, इसवी सनपूर्व ५८० च्या सुमारास, देवीच्या ऐवजी सुमारे ३ मीटर उंचीची मेड्युसाच मध्यभागी उभी केलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिची मुले आहेत, जी वास्तविक तिच्या मृत्यूनंतर जन्मली. ढालींवर, दारांवर, भट्ट्यांवर तिचा जीभ बाहेर काढलेला चेहरा दृष्ट काढण्यासाठी लावला जाई. मुलीची अशी सोय झाली. आईची?

आईचे देवस्थान ग्रीसमध्ये नव्हे, तर पार भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, जोपा येथे, म्हणजे आजच्या इस्रायलमधल्या जाफा बंदरात होते, असे एक वाक्य रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. हा तोच प्लिनी, ज्याने हिंदुस्थानशी चालणाऱ्या व्यापारात रोमचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स बाहेर जातात म्हणून तक्रार केली. ब्रह्मपुरीचा पोसायडन ज्या व्यापारातून आला, त्याच व्यापाराविषयीची ही तक्रार. इसवी सन ७७ च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो, की जोपाच्या समोरच्या खडकावर ॲन्ड्रोमेडाच्या साखळदंडांच्या खुणा दाखवल्या जातात आणि ‘कथेतली ती कीटो तेथे पुजली जाते’. तो याहून अधिक काही सांगत नाही. काही संशोधकांच्या मते मूळ शब्द कीटो नसून डर्सेटो असावा; जवळच्याच अश्कलॉनला मत्स्यरूपी डर्सेटो देवीचे मोठे प्रस्थ होते, हे अन्य आधारांवरून ज्ञात आहे. हे शक्य आहे. मात्र मला तो बदल फार आवश्यक वाटत नाही, कारण परक्या गावच्या देवीला आपल्याकडच्या ओळखीच्या नावाने हाक मारण्याची ग्रीक-रोमन लोकांना सवयच होती, आणि समुद्रराक्षसाची कथा जेथे घडली असे सांगतात, तेथल्या मत्स्यदेवीला त्यांनी कीटो म्हटले तर त्यात नवल काहीच नाही.

याच जोपातून मार्कस स्कॉरस या अधिकाऱ्याने इसवी सनपूर्व ५८ मध्ये त्या राक्षसाची म्हणून सांगितली जाणारी हाडे रोमला नेली आणि इतर नवलाईच्या वस्तूंबरोबर लोकांना दाखवली. प्लिनीने मापे दिली आहेत: लांबी ४० फूट, बरगड्यांची उंची हिंदुस्थानी हत्तींपेक्षा जास्त, कण्याची जाडी दीड फूट. हा बहुधा किनाऱ्याला लागलेला देवमासा असणार. मावशीला हे सांगितल्यावर तिचे म्हणणे पडले, की देऊळ होते हे बरे झाले, पण हाडे उचलून न्यायला नको होती.

आकाशातली जागा मात्र कोणी हिरावून घेतलेली नाही. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांत हा समुद्रराक्षस होता आणि आजच्या मान्यताप्राप्त ८८ समूहांतही तो आकाराने चौथा आहे. मराठी आकाशनकाशांत त्याला तिमिंगल म्हणतात, आणि त्याच्या कथेतली बाकीची मंडळी आपल्याकडे महाभारतातली नावे घेऊन बसली आहेत: सिफियसचा वृषपर्वा, कॅसिओपियाची शर्मिष्ठा, ॲन्ड्रोमेडाची देवयानी आणि पर्सियसचा ययाती. ज्याने ही नावे जुळवली त्याने देवयानी आणि ययाती हे जोडपे अचूक राखले. वृषपर्वा आणि शर्मिष्ठा मात्र नवराबायकोच्या जागी बापलेक होऊन बसले आहेत. वृषपर्वा हा दनूचा मुलगा, म्हणजे राक्षसांच्या बाजूचा, याकडेही त्याने काणाडोळा केला असावा.

डिसेंबरात संध्याकाळी गावातल्या दिव्यांपासून दूर, पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या बाजूला गेले, तर दक्षिणेकडे तिमिंगल आणि ईशान्येकडे ययाती एकाच वेळी दिसतात. तिमिंगलाच्या मध्याजवळचा मायरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांत नुसत्या डोळ्यांनी सहज दिसण्याइतका उजळतो आणि पुन्हा दुर्बिणीशिवाय दिसेनासा होतो. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियसने त्याची प्रथम नोंद केली. ययातीच्या हातातल्या मेड्युसाच्या मुंडक्यात अल्गॉल नावाचा तारा आहे, आणि त्याचे तेज दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी उतरते, कारण त्याचा मंद जोडीदार त्याच्या समोरून जातो. आईचा तारा स्वतःच फुगतो आणि आकसतो, मुलीच्या ताऱ्याला ग्रहण लागते. कारणे निराळी आहेत, पण दुर्बीण नसतानाही ज्यांचा चढउतार पाहता येतो अशा आकाशातल्या सर्वांत प्रसिद्ध ताऱ्यांची नावे सांगायची झाली, तर पहिली ही दोनच सांगावी लागतात. मायराचा उजळण्याचा काळ दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीचे पंचांग नव्हे, तर खगोलमंडळाचे वेळापत्रक पाहून जावे.